डोंगर विकला, ती कमाई कशी?

साथींनो, मोहाची फुलं विकली तर ती कमाई. झाडच तोडून विकलं तर? आपल्यात कुणी त्याला कमाई म्हणत नाही. सरकार म्हणतं. बस्तरमधला बैलाडिल्याचा डोंगर फोडून 1968 पासून लोखंडाचा दगड जपानला जाऊ लागला. विकला तेवढा देशाच्या उत्पन्नात धरतात, पण डोंगर जेवढा घटला तेवढं वजा करत नाहीत. 1951 साली देशात 36 कोटी माणसं होती, 1981 ला 68 कोटी. म्हणजे दगडाला हातही न लावता माणशी वाटा जवळजवळ निम्म्यावर आला असता, आणि इथं तर रोज सुरुंग! आमची मागणी साधी आहे: जमिनीखाली माणशी किती शिल्लक राहिलं, ते सरकारनं दरसाल उत्पन्नाशेजारी मांडावं. आपल्या डोंगरावर मोजणीवाले आले, की आधी हाच हिशेब मागायचा.