नाणे फोनमधले आणि हातातले

आमच्या फणसवाडीतल्या चाळीत शेजारची एक मुलगी संख्याशास्त्राची पदवी घेते आहे. परवा मोबाइल पुढे करून म्हणाली, "काका, हजार वेळा नाणे उडवून दाखवू?" पहिल्या दहा फेकींत सात छापे पडले. हजार फेकी क्षणात उरकल्या आणि प्रमाण निम्म्याच्या आसपास येऊन स्थिरावले. बँकेत कॅशच्या पिंजऱ्यात मी उमेदवारी केली, खोऱ्याने नाणी मोजली. पण मोठ्या संख्येचा हा नियम असा डोळ्यांसमोर घडताना कधी पाहिला नव्हता.

तेव्हा अ‍ॅप म्हटले की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. 'जिओजेब्रा' वितरणाचे वक्र बोटासरशी काढून देते. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' खिशातल्या फोनलाच मोजमापाचे यंत्र बनवते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर २०१७ पासून अभ्यासक्रम मोबाइलवरही आले. आकडेमोडीत जाणारा वेळ विचाराला मिळत असेल, तर त्यात वाईट काय?

प्रश्न पुढचा आहे. त्याच मुलीने प्रकल्पासाठी विचारले, "जिना चढताना त्रास होतो का?" प्रश्नावली फोनवरून चाळभर पाठवली. संध्याकाळपर्यंत उत्तरे आली, अ‍ॅपने रंगीत वर्तुळ काढले आणि निष्कर्ष निघाला, की त्रास फार थोड्यांना आहे. मी एवढेच विचारले, "तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे असा फोन आहे का?" ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात, नेमके तेच मोजणीतून गळले होते!

ही चूक नवी नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन जिंकणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत टेलिफोन कोणाकडे असणार? आकडा प्रचंड होता, पण माणसे एकाच थरातली होती.

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) आठवतात. वापरात नाणी झिजतात, म्हणून वजनावरून त्यांचा कालक्रम लावता येईल, हा त्यांचा विचार. पण तक्षशिलेच्या प्राचीन नाण्यांवरच न थांबता त्यांनी चलनातली हजारो नाणी स्वतः तोलून तो पडताळला. आज त्यांच्या हाती अ‍ॅप असते, तर बेरीज त्यांनी खुशाल त्यावर सोपवली असती. पण कोणती नाणी तोलायची, हे स्वतःच ठरवले असते.

आपल्या प्राध्यापकांना म्हणूनच सुचवावेसे वाटते: अ‍ॅप जरूर वापरा, पण आलेखाला जितके गुण देता, तितकेच 'कोण राहून गेले?' या प्रश्नाच्या उत्तराला द्या. कारण उद्या हीच मुले रेशनचे, रुग्णालयाचे, घरांचे आकडे काढणार आहेत, आणि मोजणीत जो नाही तो योजनेतही नसतो.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी जिना चढून दारोदार गेली. वर्तुळाचा रंग बदलला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तिला चहा पाजला आणि वर विचारले, "एवढ्या वर्षांत हे विचारायला कोणी आले कसे नाही गं?"