सांताच्या झाडाला नागपुरी संत्रा!

डिसेंबर उजाडला की आपल्या शहराचा मूडच बदलतो बॉस! सकाळी मिहानकडे जाणाऱ्या बाइक्सवर मफलर आणि मंकी कॅप दिसू लागतात, टपरीवरचा चहा दुप्पट गोड लागतो आणि सदर, मोहन नगर, मेकोसाबागेतल्या घरांवर कागदी चांदण्या लटकतात. आठवडाभरात ऑफिसचा एचआर विभागही जागा होतो. रिसेप्शनपाशी प्लास्टिकचं झाड उभं राहतं, सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या फिरतात आणि लंच ब्रेकमध्ये सगळी जनता सीताबर्डीवर पळते. तिथून येतं काय? तर तेच लाल-सोनेरी गोळे, तीच चमचमती झालर आणि पुठ्ठ्याची तीच घंटा. मागच्या वर्षी आणलेली, त्याच्या मागच्या वर्षीही आणलेली.

म्हणून या वीकएंडचा आपला फंडा एकदम हटके. झाडावरचे दागिने घरीच करायचे, तेही पॉलिमर क्लेचे. आणि डिझाइन? स्नोमॅन आणि रेनडिअर बाजूला ठेवा. आपल्या झाडावर लटकणार संत्र्याची चकती!

हसू नका. मोज्यात संत्रं ठेवायची नाताळची प्रथा युरोपात जुनी आहे. थंडीत तिकडे हे फळ म्हणजे चैनीची वस्तू होती. आपल्याकडे ऐन डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर रचलेली असतात आणि २०१४ पासून नागपुरी संत्र्याला जीआय मानांकनही आहे. सांता आणि संत्रा यांची जोडी जुळवायला नागपूरपेक्षा चांगलं गाव कुठलं?

ही माती, माती नाहीच!

आधी एक गैरसमज काढून टाकू. नाव ‘क्ले’ असलं तरी पॉलिमर क्लेचा मातीशी काडीचा संबंध नाही. आपल्या चितारओळीत गणपती घडतात ती माती वाळते, कारण तिच्यातलं पाणी उडून जातं. पॉलिमर क्लेमध्ये पाणी नसतंच. पीव्हीसी प्लास्टिकचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग, एवढाच मामला. महिनाभर टेबलावर ठेवली तरी ती नीट वाळणार नाही. ओव्हनची उष्णता मिळाली की कण एकमेकांत मिसळतात आणि वस्तू कायमची घट्ट होते.

हिचा जन्मही मजेशीर आहे. जर्मनीत केटे क्रूझे ही बाहुल्या बनवणारी नामवंत बाई होऊन गेली. तिच्या मुलीनं, सोफीनं, बाहुल्यांची डोकी घडवण्यासाठी अशा प्लास्टिकवर प्रयोग केले. एबरहार्ड फाबर कंपनीनं १९६४ साली तिची कृती विकत घेतली आणि बाजारात आली ती ‘फिमो’. सोफीचं घरातलं लाडाचं नाव होतं फिफी, त्यातलाच हा ‘फि’. आज हा ब्रँड स्टेडलरकडे आहे. दुसरं मोठं नाव म्हणजे अमेरिकेची ‘स्कल्पी’. दोन्ही ऑनलाइन मिळतात. नेहमीच्या ब्लॉकचं वजन असतं साधारण ५७ ग्रॅम.

आळूवडी जमते? मग हेही जमेल

आता मुद्द्याचं. संत्र्याच्या फोडी एकेक करून रंगवायच्या नाहीत. आळूवडी आठवा. पानं आणि पीठ एकदाच लावायचं, उंडा वळायचा आणि कापला की प्रत्येक वडीत तीच नक्षी. पॉलिमर क्लेवाले याला ‘केन’ म्हणतात. आपण उंडाच म्हणू. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचकामवाले काचेच्या कांड्यांतून असंच फुलांचं डिझाइन काढायचे, त्यावरूनच ही युक्ती क्लेमध्ये आली.

सामान फार नाही. नारिंगी क्लेचा एक ब्लॉक आणि पांढरा व ट्रान्सलुसंट मिळून एक. शिवाय धारदार पातं, गुळगुळीत काचेची बाटली, एक सिरॅमिक टाइल आणि टूथपिक. बाटली लाटण्याचं काम करते. आईचं पोळपाट-लाटणं घेऊ नका, कारण क्लेला लागलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकात वापरायची नसते.

पहिलं काम मळण्याचं. आपल्या डिसेंबरच्या गारठ्यात क्ले दगडासारखी होते आणि दाबली की चुरा पडतो. घाबरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास खिशात ठेवा, अंगाच्या उबेनं ती वठणीवर येते. हीटरसमोर मात्र ठेवायची नाही. मळताना आधी पांढरा, मग नारिंगी, हा क्रम पाळा. नाहीतर हाताचा रंग पांढऱ्याला लागलाच म्हणून समजा.

आता नारिंगीचा एक तृतीयांश भाग सालीसाठी बाजूला काढा. उरलेल्यात ट्रान्सलुसंट मिसळा, रसाळ फोडीचा फिकट रंग तयार होतो. त्याचा जाड लोड वळा, त्याभोवती पांढऱ्याची कागदासारखी पातळ पोळी गुंडाळा आणि एका बाजूनं चिमटत निमुळता आकार द्या. फोडीचा असतो ना, तसाच. हळूहळू ओढत तो बोटाएवढा जाड आणि अर्धा मीटर लांब करा. त्याचे पाच-पाच सेंटीमीटरचे दहा तुकडे पाडा. टोकं आत, पाठी बाहेर, असे ते गोल मांडा. वर आधी पांढऱ्याचा थर, मग सालीचा नारिंगी थर. झाला उंडा तयार!

मधे फटी राहू नयेत म्हणून तो चारही बाजूंनी हलकेच दाबा. मग डब्यात बंद करून अर्धा तास फ्रिजमध्ये. ही पायरी गाळू नका, मऊ उंडा कापला की संत्र्याचा पापड होतो. गार झाल्यावर पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या कापा आणि प्रत्येक वेळी उंडा थोडा फिरवा. टोकांना नक्षी वेडीवाकडी येते, ती काढून टाकली की सात-आठ चकत्या हातात राहतात. सालीजवळ टूथपिकनं रिबिनीसाठी भोक पाडा. हे भाजण्याआधीच करायचं.

अख्खा गोल संत्रा करायचाय? मग आत अॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा ठेवा आणि वरून क्ले चढवा. क्ले वाचते आणि वजनानं फांदी झुकत नाही.

ओव्हनपाशी नो टाइमपास

इथे मस्ती नको, प्लीज. तापमान पाकिटावर छापलेलं असतं आणि ते ब्रँडप्रमाणे बदलतं. फिमोला ११० अंश सेल्सिअसवर अर्धा तास लागतो, स्कल्पीला साधारण १३० अंश. घरच्या ओटीजीचा काटा दाखवतो एक आणि आत असतं भलतंच, त्यामुळे ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्याच. चकत्या टाइलवर ठेवा आणि वर फॉइलचा सैल तंबू करा, म्हणजे रंग करपत नाही. मायक्रोवेव्ह मोड चालणार नाही.

कमी भाजलं तर वस्तू ठिसूळ होते आणि महिनाभरात तुटते. पण ती पुन्हा भाजता येते. जास्त तापलं तर मात्र प्रकरण गंभीर आहे. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो डोळे, नाक, घसा जाळतो. धूर किंवा उग्र वास आला तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर पडा. ‘बघू तरी काय झालं’ म्हणून तोंड आत घालू नका. ज्या ओव्हनमध्ये रोज केक-पिझ्झा होतो, त्यात क्ले न भाजणंच शहाणपणाचं. मैत्रिणींनी मिळून एक जुना ओटीजी या कामासाठी ठेवला तर उत्तम.

घरी छोटी भाचरं असतील तर आणखी एक. प्लास्टिसायझर म्हणून पूर्वी थॅलेट्स वापरली जायची. मुलांच्या खेळण्यांतल्या थॅलेट्सवर अमेरिकेनं २००८ च्या कायद्यानं मर्यादा आणली आणि मोठ्या ब्रँड्सनी आपले फॉर्म्युले बदलले. म्हणून बिननावाचं स्वस्त पाकीट उचलण्यापेक्षा लेबल वाचून घ्या. आणि हा झाडाचा दागिना आहे, पिल्लांनी चावायचं खेळणं नाही.

पीजीत राहताय? नो प्रॉब्लेम!

ओव्हन नसलेल्यांसाठी फेविक्रिलचं मोल्डइट किंवा शिल्पकार आहेच. हे इपॉक्सीवालं प्रकरण. पाकिटात दोन भाग येतात, ते समप्रमाणात मळायचे की काही तासांत आपोआप घट्ट होतं. वरून अॅक्रिलिक रंग द्या. फक्त हातमोजे घाला, इपॉक्सी काहींच्या त्वचेला सोसत नाही. यात उंड्याची गंमत जमणार नाही, पण घंटा, चांदणी, झीरो माइलचा खांब, सगळं मस्त होतं. खिसा अगदीच रिकामा असेल तर मैदा, मीठ आणि पाण्याचा गोळाही चालतो. पावसाळ्यात मात्र तो ओल धरतो आणि मुंग्यांची पार्टी होते.

पण हा खटाटोप कशासाठी?

आई विचारेलच, ‘काय करून राह्यली गं हे? बर्डीवर पाकीट मिळते ना!’ प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रामाणिकपणे देऊ या.

स्वस्त पडतं म्हणून? नाही. समजा, दोन ब्लॉक्स ८०० रुपयांना पडले आणि आठ चकत्या झाल्या. म्हणजे नुसती क्ले नगाला १०० रुपये. रिबीन, वॉर्निश, वीज वेगळी. तुमचे सहा तास ताशी १०० रुपयांनी धरले तर आणखी ७५. ‘हॅंडमेड’चं पेज काढून १५० ला विकायचं ठरवलंत, तर तुम्ही धंदा करत नाही, दान करताय. विकायचंच असेल तर हा हिशेब आधी मांडा आणि ‘इतकं महाग?’ म्हणणाऱ्या मित्रालाही दाखवा.

पर्यावरणासाठी? तेही नाही. हाताने केलं म्हणून प्लास्टिकची माती होत नाही. हे पीव्हीसीच आहे आणि ते कुजत नाही. म्हणून दरवर्षी ढीगभर करून जानेवारीत फेकायचे असतील, तर बर्डीचे गोळेच बरे. क्लेचा दागिना करायचा तो ठेवण्यासाठी.

आणि खरी गंमत ठेवण्यातच आहे. भाजण्याआधी चकतीच्या मागे टूथपिकनं साल कोरा. प्रत्येक वर्षी एक नवा नग, बस्स. आपल्या बॅचमधले निम्मे लोक पुण्यात, हैदराबादला, बंगळुरूला पोचलेत. उरलेले कधी जातील ते नेमणुकीचं पत्र ठरवतं. पलंग विकावा लागतो, गाडी इथेच राहते, भाड्याची घरं बदलत जातात. पण दहा-बारा ग्रॅमची संत्र्याची चकती सॉक्समध्ये गुंडाळून सुटकेसच्या कोपऱ्यात सहज मावते. परक्या शहरातल्या छोट्याशा झाडावर, नाहीतर खिडकीच्या गजाला लटकवली, की ती बघून कुणीतरी विचारतंच, हे संत्रं कुठलं? मग गप्पा सुरू होतात. नव्या शहरात पहिली ओळख अशाच कारणानं होते.

नाताळ आपला सण नाही, असं म्हणणाऱ्यांनी ती चकती शेजारच्या किंवा शेजारच्या डेस्कच्या घरी न्यावी. नागपूरकराच्या घरी कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही, बदल्यात कलकल आणि प्लम केक मिळेल याची खात्री बाळगा.

जाता जाता टिप्स

- वर नेलपॉलिश लावू नका. त्यातल्या सॉल्व्हंटमुळे क्ले काही दिवसांनी चिकट होते. पाण्यावर आधारित वॉर्निश वापरा.
- कच्ची क्ले पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवू नका, डाग पडतो. खाली टाइल किंवा बटर पेपर हवा.
- पूर्ण गार झाल्यावर पाण्याखाली बारीक सँडपेपर फिरवा. साल कशी चमकते बघा!
- उरलेली क्ले पॉलिथिनमध्ये गुंडाळून घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवा. आपला मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीत किंवा टिनाच्या छताखाली राहिली तर ती अर्धवट भाजून निघते आणि पुढच्या डिसेंबरात हाती येतो नुसता भुगा.

शुक्रवारी मळा, शनिवारी उंडा, रविवारी भाजणी. सोमवारी ऑफिसच्या झाडावर संत्रा लागलाच पाहिजे!