दहा वर्षांचा हिशेब



मागच्या महिन्यात पालकसभा आटोपल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीची नानी थांबून राहिली. पदरातून कागदांची घडी काढून म्हणाली, “आपा, एवढी वर्षं विड्या वळल्या. मग पेन्शन नाही असं का म्हणतात?”

कागद पाहिले. एका कारखान्याकडे आठ वर्षे, दुसऱ्याकडे सहा. बेरीज चौदा. पण मधल्या काळात मुलीच्या निकाहासाठी खालांनी फंडासोबत पेन्शनचीही रक्कम काढली होती. ती काढताच आठ वर्षे पुसली गेली. उरली सहा.

भंडारा जिल्ह्यात घरोघरी विड्या वळल्या जातात. घरी बसून वळणारी बाईसुद्धा भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने कामगारच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगितले आहे. 1995 पासून या निधीला पेन्शन योजना जोडलेली आहे. तिचे नियम प्रत्येक घराला माहीत हवेत.

वयाच्या 58 व्या वर्षी पेन्शन मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. साडेनऊ वर्षे भरली तरी ती दहा धरतात. ही दहा वर्षे एकाच मालकाकडची असावीत असे नाही, तुकडे जोडता येतात. म्हणून काम बदलताना तोच यूएएन क्रमांक पुढे चालवा. काम सुटले, तर 10सी अर्जात पैसे न मागता ‘योजना प्रमाणपत्र’ मागा. त्यात तुमची वर्षे शाबूत राहतात.

रक्कम मोठी नाही. सरासरी पगार गुणिले वर्षे भागिले सत्तर, असा हिशेब आहे. पाच हजार पगार आणि दहा वर्षे सेवा धरली, तर जेमतेम 714 रुपये होतात. पण 2014 पासून किमान पेन्शन महिना एक हजार आहे. आज हातात आलेले काही हजार लग्नात एका दिवसात संपतात. पेन्शन मरेपर्यंत येते आणि मागे जोडीदारालाही मिळते. कामावर असतानाच मृत्यू झाला, तर दहा वर्षांची अटही नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेचा हक्क लागू होतो. इद्दतीत बसलेल्या बहिणीला हे कोणीतरी सांगायला हवे.

आणि ज्यांची वर्षे भरलीच नाहीत त्यांचे काय? उत्पन्नाच्या अटीत बसत असतील, तर पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. आमच्या खालांचे वय त्यात बसते, अर्ज भरून झाला आहे.

जाताना त्या म्हणाल्या, “सही करायला सांगितलं, मी अंगठा लावला. कोणी वाचून दाखवलंच नाही.”

या जुम्याला घरातल्या शिकलेल्या मुलीला जवळ बसवा. अम्मीचे, दादीचे कागद काढा आणि वर्षे मोजा. अंगठा लावण्याआधी कागद वाचून घ्या.