दरवाजा एक, गर्दी लाखांची

प्रतिनिधी

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५ साली प्रथमच संपूर्ण राज्यात लागू झाली. तोपर्यंत ती मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या महापालिका क्षेत्रांपुरती होती. आता गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या विद्यार्थ्याला एकाच संकेतस्थळावरून अर्ज भरायचा होता. नोंदणीचा मुहूर्त २१ मे रोजी सकाळचा होता. मुहूर्त आला आणि संकेतस्थळ बंद पडले. दिवसभर पालक संगणकासमोर आणि विद्यार्थी सायबर कॅफेसमोर ताटकळले. अखेर नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलण्यात आल्याचे शिक्षण विभागाला जाहीर करावे लागले.

हे प्रथमच घडले असे नाही. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल दुपारी जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडलीच नाहीत. त्याच महिन्यात अकरावीच्या सामायिक प्रवेश परीक्षेची नोंदणी सुरू झाली, तेव्हाही तोच अनुभव आला. दर वेळी ‘संकेतस्थळ कोसळले’ अशी बातमी होते, ‘तांत्रिक अडचण’ असा खुलासा होतो आणि दोन दिवसांनी विषय संपतो. कोसळले हा शब्द दरडीला शोभतो. दरड कोणी बांधलेली नसते. संकेतस्थळ मात्र कोणीतरी बांधलेले असते, कोणीतरी त्याचे पैसे दिलेले असतात आणि कोणीतरी ते तपासून ताब्यात घेतलेले असते. तेव्हा ही अडचण नेमकी कशी उद्भवते, ती टाळता येते काय आणि टाळण्याचे नियम आधीच अस्तित्वात आहेत काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

वजनाचे गणित

सर्वसाधारण समज असा, की गर्दी झाली म्हणून संकेतस्थळ बंद पडते आणि त्यावर उपाय म्हणजे मोठा सर्व्हर. हे अर्धसत्य आहे. गर्दीइतकेच महत्त्व पानाच्या वजनाला असते. एक साधे गणित मांडून पाहू. समजा, मुखपृष्ठाचे वजन दोन मेगाबाइट आहे आणि पहिल्या मिनिटाला एक लाख जण ते उघडतात. म्हणजे साठ सेकंदांत दोनशे गिगाबाइट माहिती बाहेर पडली पाहिजे. सेकंदाला सुमारे २७ गिगाबिट. तेच पान शंभर किलोबाइटचे असेल तर हा भार वीस पटींनी घटून सेकंदाला १.३ गिगाबिटवर येतो. विद्यार्थी तेवढेच, वेळ तीच. फरक केवळ पानाच्या बांधणीचा.

दोन मेगाबाइट येतात कोठून? सरत्या चित्रपट्टीतील मान्यवरांची मोठमोठी छायाचित्रे, कॅमेऱ्यातून निघाली तशीच चढवलेली. अक्षरांत लिहिता आली असती अशी सूचना, पण स्कॅन करून चित्र म्हणून लावलेली. एका बटणासाठी ओढून आणलेल्या जावास्क्रिप्टच्या चार-चार फायली. देवनागरीचे फॉन्टही रोमन लिपीच्या मानाने जड असतात, कारण त्यांत मूळ अक्षरांखेरीज शेकडो जोडाक्षरांच्या आकृत्या भराव्या लागतात. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. पण हा मजकूर पाठवताना आवळता येतो आणि त्यासाठीची जीझिपसारखी पद्धत कित्येक वर्षे विनामूल्य उपलब्ध आहे. म्हणजे मराठीमुळे संकेतस्थळ जड होते ही सबब टिकत नाही.

‘याहू’मध्ये असताना स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ साली या विषयावर पुस्तक लिहून चौदा नियम घालून दिले. वापरकर्त्याला वाट पाहावी लागते, त्यातील ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरवर जात नसून पान उतरून पडद्यावर उमटण्यात जातो, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होता. फायली कमी करा, मजकूर आवळून पाठवा, न बदलणाऱ्या गोष्टी वाचकाच्या यंत्रातच साठवू द्या, हे त्यांचे नियम आजही लागू आहेत. गुगलने २०२० मध्ये याच विचाराला मोजमापाचे रूप दिले. पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, स्पर्श केल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (हा निकष मार्च २०२४ मध्ये आला) आणि वाचता वाचता मजकूर वरखाली उडू नये. विशेष म्हणजे ही मापे सरासरीची नसून, चारपैकी किमान तीन भेटींत ती पाळली जावीत अशी अपेक्षा आहे.

निकाल वेगळा, प्रवेश वेगळा

निकाल आणि प्रवेश या दोन कामांचे स्वरूप भिन्न आहे. निकाल केवळ वाचायचा असतो. तो आधीच ठरलेला असतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे पान आदल्या रात्री तयार करून देशभर विखुरलेल्या वितरण-सर्व्हरवर ठेवता येते. येथे सुधारणा झालीही. १३ मे २०२५ रोजी दहावीचा निकाल लागला तेव्हा तो मंडळाच्या संकेतस्थळाबरोबरच डिजिलॉकर आणि अन्य अनेक ठिकाणी उपलब्ध होता. दरवाजे वाढले, गर्दी विभागली.

त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी प्रवेशासाठी मात्र दरवाजा एकच होता. प्रवेशात माहिती लिहायची असते. अर्ज नोंदवायचा, ओटीपी पाठवायचा, शुल्क घ्यायचे. यातील प्रत्येक पायरी मध्यवर्ती माहितीसाठ्याला हात लावते आणि एक पायरी रेंगाळली की मागची सारी रांग तुंबते. पान उघडले नाही की माणूस ते पुन्हा उघडतो. अशा रीतीने एका विद्यार्थ्याच्या पाच-दहा मागण्या होतात आणि आजारी यंत्रणेवर गर्दी आणखी वाढते. नोंदणीपूर्वी विद्यार्थ्यांना दोन दिवस सराव करण्याची सोय देण्यात आली होती हे खरे. परंतु विद्यार्थ्यांचा सराव आणि यंत्रणेची भारचाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे तंत्रज्ञानाबाहेरचा एक मुद्दाही आहे. अकरावीच्या नियमित फेऱ्यांतील प्रवेश गुणवत्तेनुसार होतात. पहिल्या मिनिटाला अर्ज भरणाऱ्यास कोणताही लाभ नसतो. तरीही सारे पहिल्या मिनिटालाच येतात, कारण उशीर झाला तर जागा जाईल ही भीती. ही भीती घालवणे कोणत्याही सर्व्हरपेक्षा स्वस्त आहे. विभागवार वेगवेगळे दिवस देता येतात, प्रतीक्षा-क्रमांक दाखवणारे हलके पान पुढे ठेवता येते आणि ‘घाईची गरज नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत लिहिता येते.

अर्थात प्रत्येक बिघाडाचे खापर पानाच्या वजनावर फोडता येणार नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. तेथे पैशाचा तोटा नव्हता. अनेक कंत्राटदारांनी केलेले तुकडे एकत्र जोडून पुरेसे तपासलेच गेले नव्हते. उलट ब्रिटनच्या ‘गव्ह डॉट यूके’ने २०२२ मध्ये आपल्या पानांतून जेक्वेरी ही लोकप्रिय पण आता अनावश्यक ठरलेली संहिता काढून टाकली. शहरातील महागड्या फोनवर त्याचा फरक जाणवणार नाही. जुन्या, कमकुवत फोनवर आणि मंद जोडणीवर तो जाणवतो. सरकारी संकेतस्थळ कोणासाठी बांधायचे, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

मानके म्हणजे चैन नव्हे

वेगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न मानकांचा. याची किंमत मराठी वाचकाने मोजलेली आहे. या शतकाच्या आरंभी प्रत्येक मराठी वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा होता. तो उतरवून घेतल्याखेरीज पान वाचता येत नसे आणि अनेक संकेतस्थळे केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट दिसत. देवनागरीचा समावेश असलेले युनिकोड १९९१ पासून उपलब्ध होते. पण ज्याने त्याने आपापली सोय पाहिली. परिणामी त्या काळात महाजालावर आलेला बराचसा मराठी मजकूर आज शोधयंत्राला सापडत नाही, उघडला तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी काढून घेतला. ज्यांनी मानकाऐवजी एका कंपनीचे उत्पादन प्रमाण मानले, त्यांच्या पानांचा आधारही त्याबरोबर गेला.

हा प्रश्न इतिहासजमा झाला, असेही नाही. एचटीएमएलच्या प्रमाणानुसार पान कोणत्या भाषेत आहे हे एका लहानशा खुणेने सांगायचे असते. ही खूण बरोबर असेल तर योग्य फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात. नसेल तर तोच फॉन्ट हिंदी वळणाची अक्षरे दाखवतो. डोळस वाचकासाठी हा सौंदर्याचा मुद्दा असेल. परंतु दृष्टिहीन व्यक्ती पान ऐकते. तिची वाचक-प्रणाली या खुणेवरूनच उच्चार निवडते. खूण इंग्रजीची असेल तर मराठी सूचना तिच्या कानावर विचित्र उच्चारांत पडते, प्रसंगी पडतच नाही. आणि सूचना चित्ररूपात असेल तर तिच्यासाठी ती अस्तित्वातच नसते.

न्यायालयाने काय सांगितले

सर्वोच्च न्यायालयासमोर हा विषय गेल्या काही वर्षांत वारंवार आला आहे. करोना लसीकरणाच्या काळात ३१ मे २०२१ च्या आदेशात न्यायालयाने कोविन संकेतस्थळ दृष्टिहीनांना वापरता येत नसल्याची दखल घेतली आणि त्याचे अपंगस्नेही लेखापरीक्षण करावे असे सुचवले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याशी विसंगत असल्याचे ठरवून, बंधनकारक मानके आखण्याचे निर्देश केंद्राला दिले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी, आम्लहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन नागरिकांच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांची उपलब्धता हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. बँक खात्याच्या पडताळणीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवून दाखवण्याची अट पापण्याच न उरलेल्या व्यक्तीने कशी पूर्ण करावी, हा त्या खटल्यातील प्रश्न होता.

नियमांची वाण नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालीच आणली. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली आणि ती जागतिक सुगम्यता मानकांशी जोडलेली आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत ४.५ ला १ इतका ठळक भेद असावा, प्रत्येक चित्राला शब्दांत पर्याय असावा, माउसशिवाय केवळ कळफलकावरून अर्ज भरता यावा, हे सारे त्या मानकांत लिहिलेले आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीत. निविदेत पानांची संख्या, रंगसंगती, मुदत आणि किंमत यांचा तपशील असतो. पण साध्या फोनवर पान किती सेकंदांत उघडले पाहिजे, किती लाख लोक एकाच वेळी आले तरी यंत्रणा तग धरली पाहिजे आणि ती न धरल्यास कंत्राटदाराचे किती पैसे कापले जातील, हे कलम असले तरच मार्गदर्शक तत्त्वांना दात येतात.

त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. पानाच्या वजनाची मर्यादा निविदेतच घालावी. मोठ्या प्रक्रियेपूर्वी भारचाचणी घेऊन तिचा अहवाल जाहीर करावा. दृष्टिहीन वापरकर्त्यांकडून संकेतस्थळ तपासून घेतल्याखेरीज अंतिम देयक अदा करू नये. आणि बिघाड झालाच, तर ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांवर न भागवता तिचे कारण लेखी प्रसिद्ध करावे. पूल पडला तर चौकशी होते. लाखो विद्यार्थ्यांना अडवून ठेवणाऱ्या संकेतस्थळाला निराळा न्याय का असावा?

शासकीय कार्यालयाच्या खिडकीवर रांग लागत असे तेव्हा निदान खिडकीपलीकडे माणूस असे. त्याच्याशी भांडता येई, त्याला विनवता येई. ती खिडकी आता अनेक ठिकाणी बंद झाली आहे. तिच्या जागी आलेले संकेतस्थळ हाच जर नागरिकासाठी उरलेला एकमेव मार्ग असेल, तर ते उघडणे ही सुविधा राहत नाही, ते शासनाचे कर्तव्य ठरते. मेळघाटातील विद्यार्थिनीला गुण मिळाले, पण तिच्या फोनवर पान उघडले नाही म्हणून तिची पसंती नोंदवायची राहिली, असे घडले तर त्या गुणवत्ता यादीला गुणवत्ता यादी म्हणणे कठीण होईल.