डोनट घरी केला म्हणून पथ्याचा होत नाही; तरीही घरीच करा

"डॉक्टर, बाहेरचं काही देत नाही हो मुलांना. डोनटसुद्धा घरीच करते." दवाखान्यात हे वाक्य अनेकदा ऐकू येते आणि त्यामागची काळजी खरी असते. पण 'घरचे' या शब्दावर आपण गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतो. साखर कोणाच्या स्वयंपाकघरात विरघळली, हे आपल्या स्वादुपिंडाला कळत नाही. मग घरी करूच नये का? माझे मत उलट आहे. डोनट खायचा असेल तर तो घरीच करावा. मात्र त्याचे कारण तुम्हाला वाटते त्यापेक्षा वेगळे आहे.

आधी हिशेब करू

बेकरीसारखे मऊ, वरून आयसिंग लावलेले १२ लहान डोनट करायला साधारण एवढे साहित्य लागते: मैदा २५० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, कोमट दूध १०० मिली, एक अंडे, एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर मीठ आणि तळायला तेल. अंडे नको असेल तर दूध थोडे वाढवा. आयसिंगसाठी १५० ग्रॅम पिठीसाखर आणि दोन-तीन चमचे दूध.

आता भागाकार करा. एका डोनटमध्ये पिठातली अडीच ग्रॅम आणि आयसिंगमधली साडेबारा ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅम साखर आली. चहाचे तीन चमचे! मैदा सुमारे २१ ग्रॅम. शोषलेले तेल ७ ग्रॅम धरले तर एका डोनटच्या कॅलरी सव्वादोनशेच्या आसपास जातात. म्हणजे मध्यम आकाराच्या दोन पोळ्यांपेक्षा थोड्या जास्तच, आणि पोटाला आधार मात्र अर्ध्या पोळीचाही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, शक्य असल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढ्या कॅलरी लागत नाहीत. त्याच्यासाठी एक छोटा डोनट म्हणजे १० टक्क्यांच्या मर्यादेतली जवळपास निम्मी साखर. चॉकलेटचे दूध, बिस्किटे, जॅम यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

मग घरी का करायचे?

कारण घरी केल्यावर हा हिशेब डोळ्यांसमोर घडतो. पिठीसाखरेची वाटी तुम्ही स्वतः भरता. कढईत ओतलेले तेल मोजा, तळण झाल्यावर गार करून पुन्हा मोजा. जेवढे कमी झाले, ते बहुतेक डोनटमध्ये गेले. दुकानातला डोनट हे काहीच सांगत नाही.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते: कष्ट. पीठ दहा मिनिटे मळायचे, तास-दीड तास फुगू द्यायचे, आकार देऊन पुन्हा अर्धा तास ठेवायचे, मग तळायचे, कोमट झाल्यावर आयसिंगमध्ये बुडवायचे. अर्धा दिवस जातो. आपली बालुशाही तरी वेगळी काय आहे? मैदा, तूप, तळण आणि वर साखरेचा पाक. पण ती रोज कोणी खात नव्हते, कारण रोज करणे शक्यच नव्हते. सणाच्या पदार्थांना कष्टांचेच कुंपण होते. मोबाइलवर बोट ठेवले की पंधरा-वीस मिनिटांत डबा दारात येतो, तेव्हा ते कुंपण मोडते. घरी करणे म्हणजे ते पुन्हा उभारणे. म्हणूनच महिन्या-दोन महिन्यांतून, वाढदिवसाला किंवा पाहुणे आल्यावर करा. 'घरचेच आहे' म्हणून दर रविवारी करू लागलात, तर घरी करण्याचा फायदा संपला.

करताना एवढे पाहा

तेलाचे तापमान १७० ते १८० अंश सेल्सिअस ठेवा. थर्मामीटर नसेल तर पिठाची छोटी गोळी सोडून पाहा. ती बुडबुड्यांसह हळूहळू वर आली पाहिजे. तेल कमी तापले तर डोनट तेल पितो, जास्त तापले तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

वनस्पती तूप वापरू नका. भारतात खाद्यतेल आणि चरबीतील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण वनस्पतीत संतृप्त चरबीही भरपूर असते.

लहान कढईत थोडेच तेल घ्या आणि चार-चार तळा. उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणाला नको. आणि मुलांना आकार द्यायला, आयसिंग लावायला जरूर बसवा, पण कढईपासून दूर.

गूळ, कणीक आणि एअर फ्रायर

गूळ घातल्याने रक्तातली साखर वाढायची थांबत नाही; गूळही मुख्यतः साखरच आहे. कणकेमुळे थोडा चोथा मिळतो, पण वरचे आयसिंग तेवढेच राहते. एअर फ्रायर किंवा ओव्हनमुळे तेल खरोखर वाचते, साखर वाचत नाही. 'पौष्टिक डोनट' म्हणून चार खाण्यापेक्षा खरा एक खाणे बरे. साखर कमी करायचीच असेल तर आयसिंग फक्त अर्ध्या भागाला, पातळ लावा. सहा ग्रॅम तिथेच वाचतात.

मधुमेह असेल तर

अर्धा डोनट, तोही जेवणानंतर वेगळा नाही, तर जेवणातली पोळी किंवा भात कमी करून. तेलामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, त्यामुळे वाढ उशिरा दिसू शकते. लगेच तपासून 'काही झाले नाही' असे समजू नका. याच कारणाने साखर अचानक कमी झाली, घाम फुटला, थरथर सुटली, तर डोनट हा उपाय नव्हे. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डोनट खायचा म्हणून गोळी किंवा इन्सुलिनचा डोस आपल्या मनाने बदलू नका.

शेवटची विनंती घरातल्या मोठ्यांना. "घरचंच आहे, एक आणखी घे," हा आग्रह सोडा. बारा डोनट केले तर सहा शेजारी पाठवा. डबा भरून फ्रिजमध्ये ठेवलेला डोनट रात्री अकरा वाजता हाक मारतोच, आणि तेव्हा तो घरचा की बाहेरचा, याने काही फरक पडत नाही.