पुसट झालेली तबकडी

आमच्या घरीं एक जुनी मॉरिस मायनर मोटार आहे. वडिलांनीं ती घेतली तेव्हां आम्ही भावंडें शाळेंत होतों. आज वडील नाहींत, पण गाडी आहे. आणि तिच्यावर सर्वांचा सारखाच हक्क असल्यामुळें तिच्याविषयींचे वादही घरांत अखंड चालतात. गेल्या दिवाळींत तिनें आम्हांस जो धडा शिकविला, तो वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

भाऊबीजेस वाईस जावयाचें होतें. गाडी पुतण्या चालवीत होता. शेजारीं अण्णा, म्हणजे आमचे थोरले बंधु. एका गांवाजवळ ताशीं ४० किलोमीटर वेगमर्यादेची पाटी लागली. पुतण्यानें आज्ञाधारकपणें कांटा चाळिसावर आणला. इतक्यांत वळणावर एक सायकलवाला मुलगा आडवा आला. गाडी करकचून थांबली ती त्याच्यापासून हातभर अंतरावर! मुलाचें दैव बलवत्तर, आणि आमचेंही. पण 'चाळिसाच्या वेगांत गाडी इतकी पुढें घसरली कशी?' हा प्रश्न अण्णांस स्वस्थ बसूं देईना.

घरीं येऊन त्यांनीं भिंगानें तबकडी पाहिली आणि उलगडा झाला. गाडी इंग्लंडांत बनलेली, तबकडी मैलांची. आपल्या देशानें १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें स्वीकारलीं, पण जुन्या तबकडीस तें कोण सांगणार? मैल दर्शविणारीं अक्षरें उन्हानें पार उडालीं होतीं. चाळीस मैल म्हणजे सुमारें ६४ किलोमीटर! ब्रेक लागल्यावर गाडी जें अंतर घसरते तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणजे आमचें अंतर अडीचपटीहून अधिक झालें होतें. चार अक्षरें पुसलीं गेलीं, तर एखाद्या घरचा दिवा विझावयाचा!

तबकडी दुरुस्त करावयाची ठरली. या यंत्राचें मर्म सोपें आहे. गिअरपेटीपासून आलेली लवचीक तार एक लोहचुंबक फिरविते. त्याच्याभोंवतीं अॅल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकास कोठेंही चिकटलेली नसते. तरी फिरत्या चुंबकामुळें तिच्यांत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात व ती त्याच्यामागें ओढली जाते. केसासारखी बारीक कमान तिला मागें खेचते. या ओढाताणींत वाटी जेथें स्थिरावते तेथें कांटा थांबतो. जर्मनीतील ओटो शुल्झ यांनीं १९०२ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें.

बारीक कमानीचें काम म्हणून आम्हीं घड्याळें दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस गांठलें. त्यांनीं प्रथम छायाचित्रें घेतलीं. मग बॅटरी सोडवून यंत्र बाहेर काढलें व कडेची पितळी पट्टी बोथट हत्यारानें थोडी थोडी उचलली. कांच साबणाच्या पाण्यानें धुतांच निम्मा अंधुकपणा गेला. तो कांचेच्या आंतील तेलकट थराचा होता! तबकडीस मात्र त्यांनीं पेट्रोल किंवा स्पिरिट लावूं दिलें नाहीं, कारण त्यानें राहिलेले आंकडेही निघून येतात. मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडली, आणि गेलेलीं अक्षरें जुन्या छायाचित्रावरून बारीक कुंचल्यानें भरलीं. कांटा काढण्यापूर्वीं तो मोकळा असतां कोठें टेकतो याची खूण करून ठेवली. ही खूण चुकली कीं सारें मापच चुकतें. तारेस ग्रीस लावतांना वरचें टोंक कोरडें ठेविलें, नाहींतर तेंच ग्रीस वर चढून तबकडी पुन्हां मळविते.

त्यांनीं आणखी एक इशारा दिला. कांहीं जुन्या तबकड्यांवर अंधारांत चमकणारा रेडियमचा रंग असे. तो चमकेनासा झाला तरी निरुपद्रवी होत नाहीं. रेडियमचें तेज निम्मे होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. असा संशय येतांच तबकडी उघडूं वा खरवडूं नये, व मुलांच्या हातीं देऊं नये. आमच्या तबकडीवर तसा रंग नव्हता.

काम संपत आलें तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, आतां मैलांचे आंकडेही शून्यावर आणूं या. गाडी नवी दिसेल." अण्णा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं कपाटांतून वडिलांची रोजनिशी काढून त्याच्यापुढें ठेविली. प्रत्येक प्रवासापुढें त्यांनीं मैलांचा आंकडा लिहिलेला होता, शेवटच्या प्रवासासुद्धां. पुतण्यानें पानें चाळलीं, आणि आंकडे जसे होते तसेच राहिले.

पुसट झालेल्या पोथीचीं अक्षरें आपण पुन्हां गिरवितों; परंतु पाठ बदलीत नाहीं. जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीचा नियम हाच. जें वाचतां येत नाहीं तें वाचतां यावें, एवढाच आपला अधिकार. जें घडलें तें पुसण्याचा नव्हे.

ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं एक परीक्षा अवश्य करावी. मोकळ्या रस्त्यावर कांटा ३० मैलांवर स्थिर ठेवावा आणि शेजारच्यानें किलोमीटरच्या दोन दगडांमधील वेळ मोजावा. तो सुमारें ७५ सेकंद भरला पाहिजे. आमचा ७६ भरला. आतां तबकडीखालीं अण्णांनीं स्वहस्तें लिहिलेली एक चिठ्ठी चिकटविलेली आहे : "हे मैल आहेत."