चार लेग, आठ ऑर्डरी आणि बंद पडलेला सोयाबीनचा वायदा

‘हेज केलं की जुगार राहत नाही.’ हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी प्रताप नगरात इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्याला लेखी उत्तर द्यायलाच हवं.

चौकातल्या शिकवण्यांच्या पाट्यांमध्ये ऑप्शन ट्रेडिंगचीही पाटी आली, यात नवल नाही. नवल आहे ते आपल्या मुलांसाठी तयार ठेवलेल्या उत्तराचं. एखाद्याने विचारलंच, ‘भाई, ये सट्टा तो नहीं?’, तर सांगितलं जातं: नुसता कॉल विकला तर सट्टा. आपण चार लेग लावतो, दोन विकतो, दोन घेतो, तोटा बांधलेला असतो. ही स्ट्रॅटेजी आहे, जुगार नाही. मुलगा समाधानाने फी भरतो.

मी तेल आणि ढेपेच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. वायद्याची कागदं माझ्या हाताखालून गेली आहेत. तेव्हा या चार लेगांबद्दल बोलायला मला कुणाची परवानगी नको.

धर्माचा मुद्दा आधी उरकतो. १९९२ साली जेद्दाहच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिक्ह अकादमीने जागतिक बाजारातले ऑप्शनचे करार नाजायज ठरवले. तो ठराव क्रमांक ६३. चार लेग लावले तर चालेल, अशी सवलत त्यात नाही. ज्याला तो ठराव मान्य आहे त्याचा प्रश्न तिथेच संपला. ज्याला मान्य नाही, किंवा जो पैशाचे व्यवहार या मापाने मोजत नाही, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याने हिशेब बघावा. माझं भांडण आहे ते धर्माची भाषा वापरून हिशेब झाकणाऱ्यांशी.

आता हिशेब. अनेक लेग एकत्र बांधून एकच सौदा करणं ही कल्पना परदेशी नाही. १९५२ च्या वायदा करार कायद्यात मालावरच्या ऑप्शनची व्याख्या वाचा: तेजी, मंदी आणि तेजी-मंदी, तिन्ही शब्द नावानिशी आहेत. तेजी म्हणजे आजचा कॉल, मंदी म्हणजे पुट, आणि तेजी-मंदी म्हणजे दोन्ही एकाच सौद्यात. आपल्या बाजारांना हे ठाऊक होतं म्हणूनच कायद्याला त्याचं नाव घ्यावं लागलं, आणि त्याच कायद्याने मालावरच्या ऑप्शनवर बंदी घातली.

आज शिकागोच्या सीएमई एक्स्चेंजवर हेच संगणकावर होतं. व्यापारी स्वतःचा स्प्रेड स्वतः बनवतो: कोणते लेग, कोणता विकायचा, कोणता घ्यायचा, कोणत्या प्रमाणात, एवढं लिहून एक्स्चेंजकडे मागणी पाठवतो. एक्स्चेंज त्या जोडणीला एक स्वतंत्र साधन म्हणून नोंदवतं. त्याला स्वतःचं नाव मिळतं, स्वतःचं ऑर्डर बुक मिळतं, इतरांनाही ते दिसतं आणि त्यावर एकच भाव बोलला जातो. सौदा झाला तर सगळे लेग एकदम होतात, नाहीतर एकही होत नाही. ‘तोटा बांधलेला’ या शब्दांना निदान सौद्यात शिरताना तिथे अर्थ आहे.

आणि प्रताप नगरातल्या मोबाइलवर काय होतं? बास्केट ऑर्डर. नाव एक, बटण एक, पण एक्स्चेंजकडे जातात चार सुट्या ऑर्डरी. प्रत्येक आपापल्या रांगेत उभी राहते. तीन झाल्या आणि चौथी अडकली, तर क्लासमध्ये फळ्यावर काढलेलं ते सुबक चित्र तुमच्याकडे नसतंच. एनएसईवर दोन आणि तीन लेगांच्या ऑर्डरची सोय आहे, फ्यूचर्सच्या दोन महिन्यांमधला कॅलेंडर स्प्रेडही आहे. पण मनाला येईल तो चार लेगांचा स्प्रेड बनवून त्याला स्वतःचं ऑर्डर बुक मिळवणं, हे तुमच्या ॲपवर नाही. क्लासमध्ये हा फरक कुणी सांगत नाही, कारण तो सांगितला की ‘हेज’ या शब्दातली हवा जाते.

समजा निफ्टीचा आयर्न काँडॉर लावला. विकलेल्या आणि घेतलेल्या स्ट्राइकमध्ये दोन्हीकडे २०० अंकांचं अंतर, हातात आले एकूण ६५ अंक, लॉट २०२५ मधला, ७५ चा. जास्तीत जास्त नफा ४,८७५ रुपये. जास्तीत जास्त तोटा १३५ अंकांचा, म्हणजे १०,१२५. हाच तो ‘बांधलेला’ तोटा, नफ्याच्या दुपटीहून मोठा. त्यात मुदतीआधी बाहेर पडायचं तर चार ऑर्डरी जाताना, चार येताना. ऑर्डरीला वीस रुपये दलाली धरा, १८ टक्के जीएसटी धरा, १८९ रुपये गेले, एसटीटी वेगळा. शिवाय प्रत्येक लेगवर घेण्या-विकण्याच्या भावातली फट तुम्हीच भरता, आठ वेळा. घाबरून बाहेर पडताना संरक्षणाचा लेग आधी विकला गेला, तर मधल्या वेळेत तुम्ही नेमके उघड्यावर असता, आणि घाबरायची वेळ म्हणजेच बाजार पळत असण्याची वेळ.

सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास बघा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटींवर. नुसत्या व्यवहारखर्चावर सुमारे ५०,००० कोटी गेले. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि चारात तिघांहून जास्त जणांनी आपलं उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलेलं. त्याच वर्षी ढोबळ नफा कुणाचा? स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाल संस्थांचा ३३,००० कोटी, परदेशी गुंतवणूकदारांचा २८,००० कोटी, आणि त्यातला जवळजवळ सगळा अल्गोरिदम चालवणाऱ्यांचा. चार लेग एका झटक्यात सांभाळायचं यंत्र त्यांच्याकडे आहे. तुमच्याकडे अंगठा आहे.

मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. अनेक लेगांचा सौदा मुळात ज्याच्या कामाचा, तो माणूस नागपूरच्याच दुसऱ्या टोकाला, कळमन्याच्या यार्डात आहे. सोयाबीन घेऊन तेल आणि ढेप विकणाऱ्या कारखान्याचा सगळा धंदा या तीन भावांमधल्या फरकावर चालतो. शिकागोत त्यासाठी ‘क्रश’ नावाचा स्प्रेडच आहे: सोयाबीनचे १० करार, त्यासमोर ढेपेचे ११ आणि तेलाचे ९. पुढल्या महिन्यातलं मार्जिन आज पक्कं करायचं, म्हणजे शेतकऱ्याचा माल धाडसाने उचलता येतो. याला म्हणतात हेज. इथे लेगांच्या मागे पोती असतात.

आपल्याकडे एनसीडीईएक्सवर सोयाबीन आणि रिफाइंड सोयातेल, दोन्हींचे वायदे होते. २० डिसेंबर २०२१ ला महागाईचं कारण देऊन सात शेतमालांचे नवे वायदे बंद केले गेले, त्यात हे दोन्ही गेले. सांगितलं होतं एक वर्ष. मग मुदतवाढीवर मुदतवाढ, २०२५ मध्ये ती थेट ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. वायदा चालू असता तर भाव वाढला असता, असं मी म्हणणार नाही. वायदा भाव दाखवतो, वाढवत नाही. पण २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना सोयाबीन त्याच्या खाली विकलं जात होतं, तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्यासमोर पुढच्या तीन महिन्यांचा एकही जाहीर भाव नव्हता. विकू की थांबू, हे त्याने कशावरून ठरवायचं? फिक्हमध्ये सलम नावाचा करार आहे, पूर्ण रक्कम आज द्यायची आणि माल ठरल्या दिवशी घ्यायचा. पिकाच्या भावाची काळजी आपल्या परंपरेने शतकांपूर्वी केली होती. आपल्या बैठकांमध्ये मात्र निफ्टीची वीकली हलाल की हराम यावर रात्री जातात, आणि सोयाबीनवर कुणी तोंड उघडत नाही.

पोत्यांमागचा वायदा बंद आणि पोत्यांशिवायची वीकली सुरू, हा धोरणाचा निर्णय आहे. त्यावर लोकप्रतिनिधींना जाब विचारता येतो. सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या नातेवाइकांना सोबत घेऊन विचारा. ॲपवाल्यांनी बास्केटच्या बटणाखाली ‘या चार स्वतंत्र ऑर्डरी आहेत, एकत्र पूर्ण होण्याची हमी नाही’ असं मराठीत छापावं, ही मागणी सेबीकडे करा. आणि क्लासच्या भाईला फी देण्याआधी त्याच्या स्वतःच्या खात्याच्या तीन वर्षांच्या काँट्रॅक्ट नोट मागा. स्क्रीनशॉट नको. दलालीचा रकाना दिसला पाहिजे.